डोपिंग वाढवत नेलं की वीज वाढतच जाते? नाही!

थर्मोइलेक्ट्रिक स्फटिकात, म्हणजे तापमानातल्या फरकातून वीज बनवणाऱ्या स्फटिकात, डोपिंग (दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू मिसळणं) जितकं जास्त तितकी वीज जास्त, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. डोपिंगने विद्युतभाराचे वाहक वाढतात, रोध घटतो, इथपर्यंत ठीक. पण त्याच वेळी तापमानातल्या फरकातून मिळणारं व्होल्टेज घसरतं, शिवाय हेच वाहक उष्णताही पलीकडे नेतात, त्यामुळे तापमानातला फरक टिकत नाही. म्हणून बिस्मथ टेल्युराइड या थर्मोइलेक्ट्रिक पदार्थात घन सेंटिमीटरला साधारण १०¹⁹ वाहकांच्या आसपास थांबावं लागतं.

खरी करामत पाहायची तर १९७७ सालच्या व्हॉयेजर अवकाशयानांत उष्णतेपासून वीज बनवणारं सिलिकॉन-जर्मेनियम पाहा. डोपिंगसाठी मिसळलेले बोरॉन आणि फॉस्फरस वाहक पुरवतात; उष्णतेची वाट मुख्यतः जर्मेनियमचे जड अणू अडवतात. शुद्ध सिलिकॉनची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला सुमारे १५० वॅट प्रति मीटर-केल्विन, या मिश्रधातूत ती १० च्याही खाली उतरते.