वाहनघरातील विद्युत् दाबदोष

निवासाची सोय असलेल्या मोटारीत (कॅम्परव्हॅन, कॅरव्हॅन) विजेची दोन मंडले असतात : दिवे व पाण्याचा पंप चालविणारे बॅटरीचे १२ व्होल्ट एकदिश (डीसी) मंडल आणि बाहेरून केबलने घेतलेले २३० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) मंडल. विद्युत् दाबाचा (व्होल्टेजचा) दोष कोणत्या मंडलात आहे, हे आधी ठरवावे लागते.

पूर्ण भारित शिसे-अम्ल बॅटरी काही तास विश्रांत असता सु. १२.६ ते १२.७ व्होल्ट, तर निम्मी उतरल्यावर सु. १२.२ व्होल्ट दाखविते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा दाब मात्र बराच काळ जवळपास स्थिर राहतो. त्यावरून शिल्लक काढणे फसवे. दिवा मंद झाला की बॅटरीच बदलण्याची घाई होते. पण दोष पुष्कळदा तारेत वा सैल जोडात असतो. २.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेतून ५ मी. अंतरावर १० अँपिअर प्रवाह नेल्यास जाता-येता मिळून दाब सु. ०.७ व्होल्टने घटतो. म्हणून उपकरण चालू ठेवूनच बॅटरीच्या व उपकरणाच्या टोकांवर मीटर लावावा. लोड (उपकरणाचा भार) नसताना गंजलेला जोडही निर्दोष भासतो.

बाहेरच्या पुरवठ्याच्या दाबाची कोणती मर्यादा मानावी, याबाबत एकवाक्यता नाही. जुनी पाठ्यपुस्तके २४० व्होल्ट आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ±६ टक्के धरतात, म्हणजे सु. २२६ ते २५४ व्होल्ट. साधारणतः १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनची मानके २३० व्होल्ट, ±१० टक्के, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट धरतात. २१५ व्होल्टचे माप पहिल्या मताने दोष, तर दुसऱ्याने निर्दोष ठरते. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. तथापि वातानुकूलकाचा कॉम्प्रेसर सुरू होताना दाब किती खाली जातो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

खानदेशात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पंप चालू झाले की लांबच्या फीडरवर (उपकेंद्रातून वीज नेणाऱ्या वाहिनीवर) व्होल्टेज डाउन होते. दीपनगरचे औष्णिक केंद्र जवळ असले, तरी त्याचा येथे उपयोग नाही. दाब ठरतो तो रोहित्रापासूनच्या अंतरावर आणि लोडवर. सारंगखेड्यासारख्या यात्रेत तात्पुरत्या जोडणीवर गाडी लावल्यास न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) आधी तपासावा. त्रिकला (तीन फेजच्या) पुरवठ्यात तो तुटला, तर एका फेजवरचे दिवे मंदावतात, दुसऱ्यावरचे प्रखर होतात आणि दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. अशा वेळी स्टॅबिलायझरवर विसंबू नये, प्लग काढावा.