सेरोटोनिनचे ग्राही आणि स्मरणशक्ती: समुद्री गोगलगायीपासून अल्झायमरच्या गोळ्यांपर्यंत

सेरोटोनिन म्हटले की आनंद, नैराश्य आणि त्यावरच्या गोळ्या आठवतात. स्मरणशक्तीशी त्याचे नाते त्यामानाने कमी सांगितले जाते, पण प्रयोगशाळेत सर्वांत नेटकेपणाने सिद्ध झालेले नाते तेच आहे.

हा पदार्थ सापडला तो मेंदूत नव्हे, तर रक्तात. १९४८ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी गुरांच्या रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आवळणारा घटक वेगळा केला आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले. इटलीत एर्स्पामर यांना आतड्यात आधीच मिळालेला ‘एंटेरामीन’ तोच निघाला. मेंदूत तो दाखवला १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग यांनी. त्यांचे आधीचे काम कोकणातल्या शिनाण्यांच्या जातकुळीतल्या मायटिलस या शिंपल्याच्या स्नायूवर होते. शिंपल्यात जो चेतासंदेश पोहोचवतो, तो सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असणार, हा त्यांचा अंदाज बरोबर ठरला.

याच सुमारास मुंबईचा धागाही या कथेत येतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्यातले रेसर्पिन १९५२ मध्ये वेगळे झाले आणि ते दिल्यावर मेंदूतले सेरोटोनिन रिकामे होते, हे ब्रोडी यांच्या गटाने १९५५ मध्ये अमेरिकेत दाखवले.

पण एकच रेणू एका ठिकाणी स्नायू आवळतो आणि दुसरीकडे सैल सोडतो, हे कसे? उत्तर ग्राहींमध्ये, म्हणजे पेशीवर बसलेल्या रिसेप्टरमध्ये होते. गॅडम आणि पिकारेली यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यात दोन प्रकार वेगळे केले. १९७९ मध्ये पेरूट्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी रेणू चिकटवून मेंदूतले ५-एचटी१ आणि ५-एचटी२ हे गट मांडले (५-एचटी हे सेरोटोनिनच्याच रासायनिक नावाचे लघुरूप). आज सात कुळे मानली जातात. त्यांतले ५-एचटी३ तेवढे आयनांची वाट उघडणारे दार आहे, बाकीचे पेशीच्या आत निरोप धाडतात.

स्मृतीचा खरा उलगडा झाला अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीत. तिच्या चेतासंस्थेत जेमतेम २०,००० पेशी, त्यांतल्या कित्येक नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. शेपटीला विजेचा धक्का बसला की पुढे हलक्या स्पर्शालाही ती कल्ला जोरात आत ओढते. धक्का देऊन जे होते तेच नुसते सेरोटोनिन टाकूनही होते, हे ब्रुनेली, कास्तेलुची आणि कँडेल यांनी १९७६ मध्ये दाखवले.

पुढे हा प्रयोग काचेच्या थाळीत आला. चेतागुच्छ, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, प्रोटिएज या प्रथिने तोडणाऱ्या विकरात सुमारे ३४ अंशांवर दोनेक तास ठेवून सैल करायचा, एक संवेदी पेशी ओढून काढून एका प्रेरक पेशीला चिकटवून ठेवायची आणि थाळी १८ अंशांच्या आसपास चार-पाच दिवस सांभाळायची. जोड जमला की त्यावर ५ मिनिटे सेरोटोनिन सोडायचे. एकदाच सोडले तर जोडाचा जोर काही मिनिटे वाढतो. तेच मध्ये विश्रांती देत पाच वेळा सोडले तर वाढलेला जोर २४ तासांनंतरही टिकतो. मोंतारोलो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की त्या वेळी नवी प्रथिने बनू दिली नाहीत तर दीर्घ परिणाम पुसला जातो, अल्पकालीन मात्र तसाच राहतो.

फसायच्या जागाही ठरलेल्या आहेत. हा जोड पुन्हापुन्हा तपासला तर तपासण्यानेच थकतो, म्हणून मोजणी आधी आणि नंतर मोजकीच करतात. प्रेरक पेशीचा विद्युतदाब पुरेसा खाली धरून ठेवला नाही तर ती स्वतःच उसळी मारते आणि जोडाचा खरा आकार मोजता येत नाही. सेरोटोनिन उजेडात आणि हवेत खराब होते, त्यामुळे द्रावण ताजेच लागते. दोन मात्रांमध्ये धुणे अपुरे राहिले तर पाच मात्रांची एकच लांबट मात्रा होते, आणि प्रयोगाचा सगळा जीव तर त्या अंतरांत आहे.

आत घडते ते असे: ग्राहीवर सेरोटोनिन बसले की सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू वाढतो. त्याने जागे झालेले प्रथिन-कायनेज ए हे विकर पोटॅशियमची एक वाट बंद करते, विद्युतलहर लांबते, जास्त कॅल्शियम आत येते आणि पुढच्या पेशीला चेतवणारे ग्लुटामेट जास्त बाहेर पडते. मात्रा पुन्हापुन्हा मिळाल्या तर तेच कायनेज केंद्रकात जाऊन क्रेब नावाच्या प्रथिनामार्फत जनुके चालू करते आणि नवे जोड फुटतात. त्याला रोखणारे क्रेब-२ हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवले तर एकाच मात्रेत दीर्घ परिणाम उमटतो, हे १९९५ चे काम मला या साऱ्यात सर्वांत देखणे वाटते. कँडेल यांना २००० मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा या साखळीच्या तोंडाशी असलेला ग्राही कोणता हे ठरलेले नव्हते. तो २००९ मध्ये ओळखला गेला. त्याचे जनुक दाबले की सेरोटोनिनने जोडाचा जोर वाढेनासा झाला.

सस्तन प्राण्यांत गणित इतके सरळ नाही. ५-एचटी१ए हा ग्राही हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींना शांत करतो. १९९३ मध्ये सापडलेला ५-एचटी६ गोगलगायीतल्या ग्राहीसारखाच सायक्लिक एएमपी वाढवतो, म्हणजे तो चेतवल्यावर स्मृती सुधारायला हवी. उंदरांमध्ये मात्र तो अडवल्यावरही सुधारणा दिसली. प्रचलित खुलासा असा, की तो लगाम घालणाऱ्या गाबा-पेशींवरही असतो. लगाम सुटला की अ‍ॅसिटिलकोलिन आणि ग्लुटामेट हे चेतासंदेश नेणारे रेणू वाढतात.

या आशेवर ५-एचटी६ अडवणारी अल्झायमरची औषधे आली. आयडॅलोपिर्डीनच्या तीन मोठ्या चाचण्यांत सुमारे २,५०० रुग्ण होते, पण २४ आठवड्यांनी बौद्धिक क्षमतेत फरक पडला नाही. एक कारण मात्रेचे असू शकते: आधीच्या लहान चाचणीत रोज ९० मिलिग्रॅम दिले होते, मोठ्या चाचण्यांत जास्तीत जास्त ६०. शिवाय औषधाने तात्पुरता विसराळू केलेला उंदीर आणि ज्याच्या पेशीच मरत चालल्या आहेत असा माणूस यांत फार अंतर आहे. याच प्रकारचे इंटेपिर्डीन २०१७ मध्ये चाचणीत अपयशी ठरले, हैदराबादच्या सुवेन कंपनीचे मासुपिर्डीन २०१९ मध्ये.

सध्या लक्ष ५-एचटी४ कडे आहे. तो हिप्पोकॅम्पसच्या मुख्य पेशींवरच असतो, सायक्लिक एएमपी वाढवतो आणि पोटॅशियमचा एक प्रवाह कमी करतो, म्हणजे वाट गोगलगायीचीच. त्याला चेतवणारे प्रुकॅलोप्राइड बद्धकोष्ठतेवर दिले जाते. निरोगी तरुणांना सहा दिवस रोज १ मिलिग्रॅम दिल्यावर आठवण्याच्या चाचणीत ते सरस ठरले, असे ऑक्सफर्डच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल त्यातून काही म्हणता येत नाही, त्यासाठी चाचण्या वेगळ्या कराव्या लागतील.