व्याध, अगस्त्य आणि अंतराचा हिशेब

फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की रात्रीच्या आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन तारे एकदमच दिसतात. वर लखलखतो तो व्याध. त्याच्या बराच खाली अगस्त्य. पुण्या-मुंबईतून अगस्त्य जेमतेम १८-१९ अंश वर चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या वितीएवढा. हवेमुळे होणारी घट सोडली तरी व्याध त्याच्या जवळजवळ दुप्पट तेजस्वी आहे.

तेजस्वी ‘दिसतो’ म्हणायला हवं. व्याध सूर्याच्या साधारण २३ पट दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, तर अगस्त्य सुमारे १५ हजार पट. खरं पाहता अगस्त्यच साडेसहाशे पटींनी भारी आहे. पण व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर.

ताऱ्याचा प्रकाश सगळ्या दिशांना पसरत जातो. जितकं अंतर, तितक्या त्रिज्येच्या गोलावर तो वाटला जातो आणि गोलाचं पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की वाट्याला येणारा प्रकाश पाव होतो, तिप्पट झालं की एक नवमांश. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे, म्हणून तिथलं ऊन इथल्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकंच.

आता हाच नियम आपल्या जोडीला लावू. अगस्त्य व्याधाच्या ३६ पट दूर, ३६ चा वर्ग जवळपास १३००. मूळच्या ६५० पट प्रकाशाला १३०० ने भागलं की उरतं निम्मं. डोळ्यांना दिसतं तेही तेवढंच! एवढ्या साध्या भागाकारात दोन ताऱ्यांचा ताळा जमतो, याचा मला आजही मनापासून आनंद होतो. अगस्त्याला उचलून व्याधाच्या अंतरावर ठेवलं, तर तो ऐन तेजात असलेल्या शुक्राच्या तीसेक पट झळकेल. आपला सूर्य तिथे ठेवला तर ध्रुवताऱ्याएवढा दिसेल आणि अगस्त्याच्या अंतरावर नेला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही.

अडचण एवढीच, की हे गणित करायला अंतर आधी माहीत हवं. ते माहीत नव्हतं तेव्हा ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने उलट्या बाजूने विचार केला. व्याध सूर्याइतकाच तेजस्वी आहे असं धरलं, तर सूर्याला किती लांब नेल्यावर तो व्याधासारखा दिसेल? १२ फूट लांब नळीच्या टोकाला बारीक छिद्र पाडून त्याने त्यातून सूर्याच्या व्यासाचा १८२ वा भाग पाहिला. तोही व्याधापेक्षा फार प्रखर वाटला. मग छिद्रापाशी काचेचा इवलासा मणी बसवून त्याने तो आणखी १५२ पट लहान केला. १८२ गुणिले १५२, उत्तर आलं २७,६६४, म्हणजे व्याध सूर्यापेक्षा तितके पट दूर. त्याच्या मृत्यूनंतर, १६९८ साली हे प्रसिद्ध झालं.

खरं अंतर याच्या जवळजवळ २० पट आहे. यातली सुमारे पाचपट चूक ‘सूर्याइतकाच’ या गृहीतकाची, कारण २३ चं वर्गमूळ ४.८. उरलेली चौपट चूक, दिवसा पाहिलेला ठिपका रात्रीच्या व्याधाशी आठवणीतून ताडून पाहण्याची. तरीही तारे किती अफाट दूर असतात याचा अंदाज नळी आणि मण्यावर बांधणं, हे मला फार मोठं काम वाटतं.

तेजाचा आधार न घेता अंतर मोजता आलं ते पराशयामुळे: पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका अंधूक ताऱ्यासाठी हे मोजलं. अगस्त्याचं अंतर अशाच पद्धतीने हिपार्कस उपग्रहाने दिलं.

फार दूरच्या ताऱ्यांचा पराशय मात्र मोजता येत नाही. तिथे हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांचं निरीक्षण कामी आलं. मॅगेलनचा छोटा मेघ ही आपल्या आकाशगंगेजवळची छोटी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह. तिच्यातले २५ रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे त्यांनी तपासले. सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. तेव्हा त्यांच्यात दिसणारा तेजाचा फरक हा खराच फरक. ताऱ्याचं तेज कमी-जास्त होण्याचा काळ जितका मोठा, तितका तो मुळात तेजस्वी, हे १९१२ मध्ये त्यांनी दाखवलं. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. १९२३ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला देवयानी दीर्घिकेत एक सेफीड सापडला. तेज बदलण्याच्या काळावरून मूळ तेज कळलं, दिसणारं तेज समोर होतंच, वर्गाच्या नियमाने अंतर निघालं: सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे हे त्यामुळे पक्कं झालं.

आजचा आकडा २५ लाखांचा आहे. वर्गाचा नियम चुकला नव्हता. सेफीड दोन प्रकारचे असतात आणि हबलच्या हाती लागलेला प्रकार मुळात कितीतरी अधिक तेजस्वी होता, हे १९५० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी दाखवलं.