आजारी जनावराला दवाखान्यात नेताना चलान झालं तर: सवलत कोणाला, अर्ज कसा, कागदपत्रं कोणती

रात्री सव्वाअकराला आमच्या कुत्र्याचं, शेरूचं, पोट ढोलकीसारखं ताणलं गेलं. ओकारीचे उमाळे येत होते, पण बाहेर पडत होती ती नुसती लाळेची तार. डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पोटाला पीळ पडलेला दिसतोय. लगेच निघा, मी टेबल तयार ठेवते." गाडी मी चालवत होते, मागे धाकटा भाऊ शेरूला धरून बसला होता. नाकाबंदीवर हवालदारांनी हात केला. मी काच खाली केली, काय झालंय ते सांगितलं. त्यांनी मागच्या सीटवर टॉर्च फिरवला, क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "जावा ताई. पण सावकाश जावा, पुढं खडी पडलीय."

नवव्या दिवशी मोबाईलवर ई-चलान आलं. त्याच रात्रीचं, नाकाबंदीच्या आधीच्या उड्डाणपुलावरचं. मर्यादा ६०, वेग ७८. हवालदारांना शेरू दिसला होता, कॅमेऱ्याला फक्त नंबरप्लेट दिसली.

त्या चलानावर मी अर्ज केला. तो करताना जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण "जनावर सिरीयस होतं म्हटलं की सोडतात" एवढ्या ऐकीव माहितीवर बरेच जण विसंबून असतात.

सवलतीला पात्र कोण?

खाजगी गाडीत आजारी कुत्रा, मांजर किंवा गाय-वासरू असलं म्हणून वेगमर्यादा किंवा सिग्नल मोडायची मुभा मोटार वाहन कायदा देत नाही. ती मुभा ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना आहे. तीही खऱ्या तातडीच्या कामावर असताना, सायरन-दिवा चालू ठेवून आणि इतरांना धोका न होऊ देता. आपल्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले, हॉर्न दाबून धरला, खिडकीतून रुमाल फडकवला, म्हणून आपली गाडी त्या यादीत जात नाही. उलट विनाकारण सतत हॉर्न वाजवल्याबद्दल कलम १९४फ खाली वेगळा दंड आहे, पहिल्या वेळी १,००० रुपये.

कायदा प्राण्याकडे कसा बघतो हेही माहीत असलेलं बरं. रस्त्यावर कुत्र्याला धडक बसल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या अखेरीस सांगितलं की मालकांना ते पोटच्या पोरासारखं असलं तरी ते माणूस नाही, त्यामुळे माणसाला धोका पोहोचवण्याची कलमं तिथे लागत नाहीत. हे वाचून मला वाईट वाटलं. पण अर्जात "जीव वाचवायचा होता" असं लिहिताना समोरचा अधिकारी कोणत्या चौकटीत वाचणार आहे, ते यातून कळतं.

म्हणजे मागायची ती दया, आणि ती हक्क म्हणून मिळत नाही. रस्त्यावरचा पोलीस समज देऊन सोडू शकतो, किंवा मशीनवर चलान करून लगेच जाऊ देऊ शकतो. दंड कोर्टात गेला तर न्यायाधीश कायद्याने घालून दिलेल्या किमान आणि कमाल रकमेच्या मधलं काही ठरवू शकतात. वेगमर्यादेसाठी, कलम १८३ प्रमाणे, कारला ही रक्कम १,००० ते २,००० रुपये आहे.

पण सगळीकडे ही दया चालत नाही. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं, हातात मोबाईल धरून चालवणं, हे धोकादायक पद्धतीने केलं तर कलम १८४ लागतं. तिथे १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. आणि दारू प्यायलेला माणूस गाडीवर बसला असेल तर कोणतंही जनावर कितीही आजारी असो, कलम १८५ मधून सुटका नाही. अशा वेळी शेजाऱ्याला उठवा, रिक्षा बोलवा. ज्याचा संकोच वाटतो ते करा, पण स्टिअरिंगला हात लावू नका.

वेळ नेमका कुठे जातो

ज्या पुलावर मी पकडले गेले तो साधारण दोन किलोमीटरचा आहे. ६० ने गेले असते तर दोन मिनिटं लागली असती. ७८ ने गेले आणि २८ सेकंद वाचले. त्या वेगात ब्रेक लागून गाडी थांबायला लागणारं अंतर मात्र ६० च्या तुलनेत जवळपास १.७ पट होतं. पुढे खडी पडली होती हे मला माहीत नव्हतं, हवालदारांना माहीत होतं.

शेरूला खरी वेळ मिळाली ती त्या फोनमुळे. आम्ही पोहोचलो तेव्हा सलाईनची सुई तयार होती, एक्स-रे सुरू होता. न कळवता जाऊन दार ठोठावलं असतं तर पंधरा-वीस मिनिटं तिथेच गेली असती.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. बहुतेक वेळा उशीर रस्त्यावर होत नाही, घरात होतो. बोका दिवसभर लघवीसाठी कुंथतोय आणि आपण "बघू सकाळी" म्हणतो. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते. घरात असे तास घालवायचे आणि मग तीन मिनिटांसाठी सिग्नल तोडायचा, हे गणित चुकीचं आहे. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, पोट फुगून कोरडे उमाळे आले, विषारी काही खाल्लं, साप चावला, तर तेव्हाच निघायचं. उष्माघातात मात्र आधी अंगावर साधं थंड पाणी आणि वारा, मग गाडी. नुसतं पळवत नेण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

गाडीत जनावराजवळ दुसरं माणूस हवं. चालकाच्या मांडीवर किंवा पायापाशी प्राणी ठेवला आणि गाडीच्या ताब्यात अडथळा आला तर कलम १२५ चा भंग होतो. वेदनेत असलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून चादरीत गुंडाळा. मांजर पिंजऱ्यात किंवा झाकणाच्या टोपलीत. गावाकडे गुरांसाठी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरतं पशुचिकित्सा पथक मागवता येतं. जिथे डॉक्टरच दारात येऊ शकतो तिथे टेम्पो पळवायची गरज उरत नाही.

पोलिसांनी हात केला तर

थांबा. न थांबता निघून गेलात तर पुढे दया दाखवायला कोणाकडे कारण राहणार नाही. डावीकडे घ्या, आतला दिवा लावा म्हणजे मागचं दिसेल, आणि एका वाक्यात सांगा: काय झालंय, कुठल्या दवाखान्यात चाललोय, डॉक्टरांशी बोलणं झालंय. आवाज चढवू नका, ओळखी सांगू नका. मग म्हणा, "साहेब, चूक झाली असेल तर चलान करा, पण आम्हाला जाऊ द्या." हे वाक्य फार काम करतं. समोरच्याला आपलं कर्तव्य आणि आपली माया यांतलं एक निवडावं लागत नाही.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवली तरी ग्राह्य धरली जातात, केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ तसं सांगतो. पाकीट घरी विसरलं म्हणून घाबरू नका. चलानाची रक्कम तिथल्या तिथे भरलीच पाहिजे असं नाही, नंतर ऑनलाइन भरता येते. रोख देऊन "मिटवायचं" तर अजिबात नाही.

कॅमेऱ्याचं चलान आल्यावर

आधी चलान नीट वाचा. नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानाची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते. त्यात नंबरप्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण आणि कोणता नियम मोडला हे असावं लागतं. यातलं काही नसेल, गाडीच तुमची नसेल किंवा एकाच घटनेची दोन चलानं असतील, तर तुमची तक्रार भक्कम आहे. "वेग जास्त होता, पण कारण होतं" हा अर्ज मात्र पूर्णपणे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेला असतो.

अर्ज आरसीवर ज्याचं नाव त्याने करायचा. शेजाऱ्याची गाडी नेली असेल तर चलान त्याला जाईल. मालकाने चालकाची माहिती द्यायची असते, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. राज्यात महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. त्याच मजकुराचा लेखी अर्ज वाहतूक शाखेत देऊन पोच घेतलेली बरी. मी दिला तो असा होता:

"प्रति, मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा. विषय: ई-चलान क्र. ___ बाबत सहानुभूतिपूर्वक विचार होणेबाबत. महोदय, दि. ___ रोजी रात्री ___ वाजता माझ्या पाळीव कुत्र्याच्या पोटास पीळ पडल्याने पशुवैद्यकांच्या सूचनेवरून त्यास शस्त्रक्रियेसाठी नेत असता माझ्या वाहनाचा वेग मर्यादेपेक्षा जास्त झाला. सदर चूक मला मान्य आहे. सिग्नल मोडलेला नाही, कोणासही इजा झालेली नाही. यापूर्वी माझ्या वाहनावर चलान नाही. परिस्थितीचा विचार होऊन समज देण्यात यावी, ही विनंती. आपली विश्वासू."

सोबत जोडलेली कागदं: चलानाची प्रत, आरसी आणि लायसन्स, दवाखान्यात दाखल केल्याची वेळ असलेला केसपेपर, बिल, पशुवैद्यकाचं सही-शिक्क्याचं पत्र, डॉक्टरांना केलेल्या फोनचा स्क्रीनशॉट, लसीकरणाचं पुस्तक आणि महापालिकेचा श्वान परवाना. यात सगळ्यात वजन केसपेपरवरच्या वेळेला. चलानाची वेळ ११.३४ आणि दाखल केल्याची वेळ ११.५० असेल तर गोष्ट आपोआप जुळते. दुसऱ्या दिवशी मागून घेतलेल्या पत्रावर तारीख असते, वेळ नसते. म्हणून दवाखान्यात शिरताच काउंटरवर वेळ टाकून घ्या. तेव्हा आपल्याला काहीच सुचत नाही, म्हणून हे काम सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

खोटं काही जोडू नका. नेहमीच्या लसीला चालला होतात आणि "सिरीयस" म्हणून पत्र आणलंत, तर पुढच्या खऱ्या अर्जावरचा विश्वास तुम्ही खाल्लात.

अर्ज नामंजूर झाला तर दंड भरायचा, किंवा प्रकरण कोर्टात जाऊ द्यायचं. व्हर्च्युअल कोर्टात आलं तर दंड मान्य की लढायचं हे ऑनलाइन निवडता येतं. प्रलंबित चलानं राष्ट्रीय लोकअदालतीतही तडजोडीला ठेवली जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने आणि गुन्हेगारी हेतूशिवाय केलेल्या कृत्याला संरक्षण आहे. ती हानी मालमत्तेचीही असू शकते, आणि प्राणी कायद्याच्या नजरेत मालमत्ताच. वकील हा मुद्दा मांडू शकतात. पण धोका इतका जवळ आला होता का आणि दुसरा मार्गच नव्हता का, हे कोर्ट विचारणार. माझ्याकडे त्या २८ सेकंदांचं उत्तर नव्हतं, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

माझ्या अर्जाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: चलान कायम. मी त्याच दिवशी रक्कम भरली आणि पावती शेरूच्या फाईलमध्ये, टाके काढल्याच्या कागदामागे लावून ठेवली.