‘मला काय धाड भरलीया?’ या प्रश्नामागचा इतिहास

कोल्हापूरच्या पेठांमध्ये ज्या घरात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, शिरलाय, तिथं हे वाक्य रोज ऐकू येतं. शाहू मिलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले आजोबा पहाटे उठून डबा मागतात. मिल केव्हाच बंद पडली, असं सांगणारा मुलगा त्यांच्या लेखी खोटारडा. पाकीट स्वतःच गादीखाली सारतात आणि आळ सुनेवर येतो. दवाखान्यात चला म्हटलं, की घर डोक्यावर घेतात. नातेवाईक म्हणतात, म्हातारा हेकट झालाय.

हा हेकटपणा नव्हे. आपलं काही बिघडलंय हे मेंदूच्या ज्या यंत्रणेनं ओळखायचं, तिलाच आजारानं गाठलेलं असतं. वैद्यकालाही हे उमगायला फार काळ लागला.

नोंद मात्र जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं एका पत्रात घरातल्या हार्पास्ते नावाच्या दासीबद्दल लिहिलं. तिची दृष्टी गेली होती, पण ती म्हणायची, हे घरच अंधारं आहे, मला दुसरीकडे न्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या गाब्रिएल अँटन यांनी आपलं अंधत्व न जाणवणाऱ्या रुग्णांचा मेंदूच्या इजेशी संबंध जोडला. १९१४ मध्ये पॅरिसच्या जोझेफ बाबिन्स्की यांनी डावी बाजू लुळी पडूनही त्याची जाणीव नसलेले रुग्ण मांडले आणि या अवस्थेला ‘अ‍ॅनोसोग्नोझिया’ हे नाव दिलं.

पुढं गाडी रुळावरून घसरली. १९५५ मध्ये अमेरिकेत वाइनस्टाइन आणि कान यांनी, आजार नाकारणं हा मनाचा बचाव असतो, अशी मांडणी केली. धक्का सोसत नाही म्हणून माणूस नाकारतो, हे काही वेळा खरंही असतं. पण त्यातून समजूत पक्की झाली, की नीट पटवलं तर पेशंट मान्य करील. १९८० च्या दशकात संशोधक पुन्हा मेंदूकडे, विशेषतः उजव्या आणि पुढच्या भागाकडे वळले. जाणीव सरसकट जातेच असंही नाही. ज्यांच्या नावानं डिमेन्शियाचा एक प्रकार ओळखला जातो, त्या डॉ. अल्झायमर यांच्या पहिल्या गाजलेल्या रुग्ण ऑगस्टे डेटर ‘मी स्वतःला हरवून बसलेय’ असं म्हणत.

सेवेच्या पद्धतीही अशाच बदलल्या. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या टोपेका इथं रुग्णांना वारंवार तारीख, वार, ठिकाण सांगून वास्तवात आणण्याचा उपक्रम सुरू झाला. काहींना त्याचा उपयोग होतो. पण ज्याला काहीच बिघडलेलं वाटत नाही, त्याला दिवसभर चुका दाखवल्या तर भांडण ठरलेलं. अमेरिकेतल्याच समाजसेविका नाओमी फाइल यांनी १९६० नंतर वेगळी वाट काढली: खरं-खोटं न करता बोलण्यामागची भावना धरायची. मिलला निघालेल्या आजोबांना ‘कुठल्या खात्यात होता तुम्ही?’ असं विचारून चहा पुढे करायचा. स्कूटरची चावी काढून घेताना वाद घालण्यापेक्षा ‘गाडी गॅरेजला टाकलीय’ म्हटलेलं बरं. आई-बापाशी खोटं बोलायचं, याची टोचणी लागते. तरी मला हे वाद घालण्यापेक्षा माणुसकीचं वाटतं.

खरी कोंडी पैशाची. आजार मान्य नसलेला माणूस सही करत नाही, आणि समज गेल्यावर आधी दिलेलं मुखत्यारपत्रही चालत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेता येई. २०१७ च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही, त्यामुळे अनेक कुटुंबांना हायकोर्टात धाव घ्यावी लागते. कोल्हापूरकरांसाठी याचा अर्थ मुंबईच्या फेऱ्या असा होता. म्हाताऱ्याला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न वेगळाच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागलंय. निदान अर्ज करणारी सून आता संध्याकाळी घरी परत येऊ शकते.