एकादशीचं नोबेल आणि पेशीतलं आम्ल

आषाढी जवळ आली की इंदूरमधल्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: ‘जपानी शास्त्रज्ञाला उपवासावर नोबेल! उपाशी पेशी स्वतःचा कचरा खाते, म्हणून एकादशी करणाऱ्याला अल्झायमर होत नाही.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. यंदा एका काकूंनी मला विचारलं, ‘ह्यांना हल्ली फार विसरायला होतंय, एकादशी सुरू करायला सांगू का?’ काकांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, एवढं सांगितलं. बाकीचं इथं लिहितो.

योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं हे खरं. उपाशी ठेवलं होतं ते मात्र यीस्टला. पेशी आपली जुनी प्रथिनं, मोडके भाग पडद्याच्या पिशवीत बांधून पचवायला पाठवते, ही ऑटोफॅजी. हे काम इतक्या झटपट उरकतं की सूक्ष्मदर्शकाखाली काही हाती लागत नाही. म्हणून ओसुमींनी पाचक एन्झाइम नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याची उपासमार केली. काही तासांत न पचलेल्या पिशव्यांची गर्दी झाली. 1992 चा हा शोधनिबंध. पिशव्या दिसल्या, कारण पचन मुद्दाम बंद पाडलं होतं! (इथल्या सराफा बाजारातली फराळी मिक्श्चर घातलेली साबुदाणा खिचडी खाल्ली, तर पेशीच्या हिशेबी तो उपवासच नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.)

अल्झायमर झालेल्या मेंदूच्या चेतापेशींतही अशाच भरलेल्या पिशव्या तुंबलेल्या दिसतात. इथं पचन कोणी बंद पाडलं?

पचन होतं लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या आम्लाने भरलेल्या पिशवीत; कचऱ्याच्या पिशव्या तिला येऊन मिळतात. क्रिस्तियान द द्यूव यांनी 1955 मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याच्या आतला सामू (पीएच; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 4.5 ते 5, बाहेरच्या पेशीद्रवाचा सुमारे 7.2. सामू एक अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, हे शाळेत शिकलोय. म्हणजे त्या इवल्या पिशवीत बाहेरच्यापेक्षा शेकडो पट आयन कोंबलेले असतात. ते कोंबतो व्ही-एटीपीएज नावाचा पंप, आणि तो खरोखर गरगर फिरतो. एटीपी हे पेशीचं इंधन तुटलं की त्या ऊर्जेने मधला दांडा वळतो, दांड्याबरोबर पडद्यात बसलेलं प्रथिनांचं कडं वळतं आणि प्रोटॉन (म्हणजे तेच हायड्रोजन आयन) एकेक करून आत ढकलले जातात. कॅथेप्सिन नावाची एन्झाइम्स याच आम्लात नीट कापतात. पंप मंदावला की पिशवी भरलेली, एन्झाइम हजर, तरी काम ठप्प.

न्यूयॉर्क विद्यापीठातले राल्फ निक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी 2022 मध्ये हेच उंदरांच्या मेंदूत पकडलं. त्यांनी उंदरांच्या चेतापेशींत या पिशव्यांवर बसणाऱ्या प्रथिनाला दोन चमकणारे भाग जोडले, एक हिरवा, एक लाल. हिरवा आम्लात विझतो, लाल टिकतो. पिशवी लाल दिसली तर आम्ल आहे. दोन्ही रंग मिसळून पिवळी दिसली तर नाही. अल्झायमरसारखा आजार असलेल्या पाच प्रकारच्या उंदरांत, पेशींबाहेर अमायलॉइड या अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे थर साचण्याच्या बऱ्याच आधी आम्ल कमी झालेलं आढळलं. अमायलॉइड आतच, फुगलेल्या पिशव्यांत अडकलं होतं. पुढे या पिशव्यांनी पेशीचा पडदा ठिकठिकाणी फुगवला आणि केंद्रकाभोवती पाकळ्या फुटल्यासारखी पेशी दिसू लागली. या रचनेला त्यांनी पॅन्थॉस म्हटलं. शेवटी लायसोसोम गळतात, पेशी मरते आणि मागे उरतो तो अमायलॉइडचा थर.

उपवासाने ऑटोफॅजी वाढते असं धरून चाललं, तरी पिशव्यांचीच भर पडेल. कचरागाड्या दुप्पट केल्या आणि देवगुराडियाचा कचरा-प्रक्रिया प्रकल्पच बंद असला, तर शहर स्वच्छ होईल का?

अर्थात हे उंदीर सदोष मानवी जनुकं घालून तयार केलेले. बहुतेक रुग्णांत तशी जनुकं नसतात. मात्र अल्झायमरने मेलेल्या माणसांच्या मेंदूतही पॅन्थॉस आढळलं आहे. बाहेरचा थर काढणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने 18 महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास 27 टक्क्यांनी मंदावला, गेलेली स्मृती परतली नाही. बातम्यांमध्ये ‘रामबाण’ छापून आलं तेव्हा ही दुसरी गोष्ट गाळलेली होती. थर हा शेवटचा टप्पा असेल, तर एवढंच हाती लागणार. आम्ल सोडणारे अतिसूक्ष्म कण घालून लायसोसोमचा सामू पुन्हा उतरवता येतो, हे बशीत वाढवलेल्या पेशींत जमलं आहे. रक्तातून मेंदूत शिरताना जी गाळणी लागते, ती त्या बशीत नसते.