हिब्रू शास्त्रातला बदाम

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात, देव त्याला विचारतो, तुला काय दिसतं? बदामाची डहाळी, तो सांगतो. त्यावर देव म्हणतो, बरोबर पाहिलंस, माझं वचन पुरं करायला मी जागा आहे. मराठीत वाचणारा इथे अडखळतो. बदामाचा आणि जागण्याचा संबंध काय?

हिब्रूत बदाम म्हणजे ‘शाकेद’ आणि जागं राहून राखण करणारा तो ‘शोकेद’. तेव्हा स्वरांच्या खुणा लिहीत नसत, त्या कित्येक शतकांनी आल्या. शीन, कोफ, दालेत अशी तीनच अक्षरं, म्हणजे लिहिलेले दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. हा श्लेष भाषांतरात उतरत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

झाडाचा स्वभावही नावाला साजेसा. इस्राएलच्या डोंगरांत थंडी सरली नसताना, पालवीच्याही आधी, बदाम पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातो. बाकीची झाडं तेव्हा निजलेलीच असतात. (आपल्या अंगणातला मोठ्या पानांचा देशी बदाम वेगळा; हा पीचच्या कुळातला.)

पण यिर्मयाचा बहर आनंदाचा नाही. लगेच त्याला उत्तरेकडून कलंडलेलं उकळतं भांडं दिसतं, म्हणजे उत्तरेकडून येणारं संकट, आणि पुढे इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने जेरुसलेम जाळलं. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी एक जुनी परंपरा नोंदवतात: बदाम फुलापासून फळापर्यंत 21 दिवस घेतो आणि जेरुसलेमच्या तटाला खिंडार पडल्यापासून तिथलं मंदिर जळेपर्यंतही तेवढेच दिवस, ज्यू पंचांगातल्या 17 तम्मुझ ते 9 आव.

इतरत्र हेच झाड निवड आणि उजेड सांगतं. याजक कोण हे ठरवायला इस्राएलच्या बारा वंशांच्या काठ्या रात्रभर ठेवल्या, तेव्हा मोशेचा भाऊ अहरोन याचीच काठी फुलली आणि तिला बदाम लागले. निवासमंडपातल्या, म्हणजे इस्राएलच्या उपासनेच्या तंबूतल्या, सोन्याच्या दीपवृक्षावर, मेनोरावर, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या होत्या: सहा फांद्यांवर तीन-तीन, मधल्या दांड्यावर चार, एकूण 22. उपदेशकाच्या पुस्तकातला फुललेला बदाम मात्र म्हाताऱ्याचं पांढरं डोकं आहे, असं बहुतेक भाष्यकार मानतात.

ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, ‘तू बिश्वात’ या सणाला, झाडांचं नवं वर्ष लागतं. इस्राएलात तेव्हा बदाम फुललेला असतो. त्याच दिवशी कोकणातले बेने इस्राएल ज्यू एलियाहू हन्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा करतात: गोड पोहे, खोबरं आणि ताटात फळं, प्रत्येकावर वेगळा आशीर्वाद म्हणून.